उघाडीची झडप, रहाटाचा दांडा आणि यंत्राचे चाक

शेतीच्या कामास बळ लागते, हे शेतकऱ्यास कोणी सांगावयास नको. परंतु नुसते बळ लावल्याने काम होते असे नाही. ते कोठे लावले, कोणत्या दिशेने लावले आणि ज्या खिळीवर वस्तू फिरावयाची तिच्यापासून किती अंतरावर लावले, यावर कामाचे यश अवलंबून असते. दाराची कडी धरून लोटले तर लहान मूलही दार उघडते. तेच दार बिजागरीजवळ बोट लावून लोटू गेल्यास धडधाकट माणसाचाही घाम निघतो. जात्याचा खुंटा आपल्या आयाबहिणींनी कधी मधल्या खुंट्याजवळ ठोकविला नाही, तो नेहमी पाळूच्या कडेलाच असतो. शास्त्र शिकण्यापूर्वीच अनुभवाने शिकविलेली ही गोष्ट आहे.

आज शेतात फिरणाऱ्या वस्तू पूर्वीपेक्षा फार वाढल्या आहेत. एंजिन, पंप, कडबाकुट्टी, मळणी यंत्र, पॉवर टिलर व ट्रॅक्टर ही सारी फिरणाऱ्या चाकांची यंत्रे होत. त्यांच्यापासून काम कसे घ्यावे आणि त्यांच्यापासून हातपाय कसे सांभाळावेत, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच नियमात आहेत. हा नियम ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावा आणि गावकऱ्यांस साध्या उदाहरणांनी समजावून द्यावा, या हेतूने पुढील विवेचन केले आहे.

खारजमीन आणि तिचा पहारेकरी

ठाणे जिल्ह्यात भाईंदरजवळ खारी नावाचे गाव आहे. वसईच्या खाडीच्या दक्षिणेकडील हा सारा प्रदेश साष्टी बेटाच्या उत्तर टोकास येतो. मिठागरांसाठी तो फार पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. आता तेथे दाट नगरवस्ती झाली असून २००२ सालापासून मीरा-भाईंदर महानगरपालिकेचा कारभार तेथे चालतो. तथापि खारी हे नाव ऐकताच खारजमिनीचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते आणि ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांच्या खाडीकाठी असलेल्या शेतकऱ्यास त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. खाडीच्या बाजूस मातीचा बांध, बांधाआड भाताची खाचरे आणि बांधात ठेवलेली उघाडी, अशी ही रचना असते.

या जमिनीचे जीवित बांधावर आणि उघाडीवर अवलंबून असते. मुंबई राज्याने १९४८ साली खारजमिनींविषयी कायदा केला आणि पुढे १९७९ साली महाराष्ट्र खारभूमि विकास अधिनियम झाला, यावरून या प्रश्नाचे महत्त्व ध्यानी यावे. पनवेल येथील खारजमीन संशोधन केंद्रातून पनवेल-१, पनवेल-२ व पनवेल-३ यांसारखे खारेपणा सोसणारे भाताचे वाण शेतकऱ्यांस मिळाले. परंतु वाण कितीही चिवट असला तरी खाडीचे पाणी वारंवार आत शिरू लागल्यास त्याचाही निभाव लागत नाही. पावसाच्या पाण्याने वरच्या थरातील मीठ धुऊन निघते, म्हणून तेथे भात पिकतो. ते धुतलेले मीठ एका उधाणाने परत आले, तर तो हंगाम तर जातोच, परंतु पुढील हंगामासही त्याचा त्रास भोगावा लागतो.

आपल्या किनाऱ्यावर सुमारे २४ तास ५० मिनिटांत दोन भरत्या व दोन ओहोट्या होतात. म्हणजे उघाडीच्या झडपेने दररोज दोनदा मिटावे आणि दोनदा उघडावे लागते, आणि तेही रात्री-अपरात्री, मुसळधार पावसात, कोणीही माणूस जवळ नसता. हे काम ती आपोआप करते. भरतीचे पाणी तिला बाहेरून दाबते तेव्हा ती चौकटीवर घट्ट बसते आणि ओहोटी लागून बाहेरचे पाणी उतरले की आतले पावसाचे पाणी तिला लोटून बाहेर पडते. तिला डोळे नाहीत आणि बुद्धीही नाही. वरच्या कडेला बसविलेली बिजागरी आणि दोन बाजूंच्या पाण्याचा दाब, एवढ्याच भांडवलावर ती पहारा करते. हा पहारा कसा चालतो आणि कशाने बिघडतो हे पाहू.

नियम काय आहे?

एखादी वस्तू ज्या रेषेभोवती फिरते त्या रेषेस आस म्हणतात. झडपेची आस म्हणजे तिची बिजागरी, गाडीच्या चाकाची आस म्हणजे कणा, जात्याची आस म्हणजे मधला खुंटा. आपण लावलेल्या बळाची रेषा या आसापासून जितक्या अंतरावरून जाते त्या अंतरास बळाचा हात म्हणावे. बळास या हाताने गुणले की वस्तू फिरविण्याची शक्ती किती, हे कळते. या गुणाकारास शास्त्रीय ग्रंथांत परिबल असे नाव आहे, तर यंत्रशाळेतील मेकॅनिक त्यालाच टॉर्क म्हणतो. आपण येथे त्यास ‘फिरविणारे बळ’ असेही म्हणू.

उदाहरणार्थ, नट सोडविण्यासाठी २० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकास २० किलोचा भार दिला, तर फिरविणारे बळ २० × ०.२ = ४ किलो-मीटर होते. पाना ४० सेंटिमीटरचा असेल तर १० किलोचा भार पुरतो. येथे किलो-मीटर म्हणजे किलोच्या भारास मीटरच्या अंतराने गुणून येणारे माप होय. रस्त्याच्या किलोमीटरशी त्याची गल्लत करू नये. यंत्राच्या माहितीपत्रकात हेच माप न्यूटन-मीटर या नावाने छापलेले असते. एक किलो-मीटर म्हणजे सुमारे ९.८ न्यूटन-मीटर, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

दिशेचाही विचार हवा. पान्याच्या दांड्यास काटकोनात जोर दिला तर संपूर्ण हात मिळतो. तिरपा दिला तर हात आखूड होतो. दांड्याच्याच रेषेत, आसाकडे तोंड करून ढकलले तर हात शून्य होतो आणि कितीही जोर केला तरी नट तसूभरही हलत नाही.

वस्तू एका बाजूस फिरविणारे बळ आणि उलट बाजूस फिरविणारे बळ सारखे झाले की ती स्थिर राहते. तराजूचे तत्त्व ते हेच. ग्रीक पंडित आर्किमिडीज याने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात तरफेचा हा नियम सिद्ध करून दाखविला.

विषम बैलांची जोडी

या नियमाचा उपयोग जाणते शेतकरी जोखडावर करीत आले आहेत. समजा, एक बैल ५० किलोची ओढ सहज देतो आणि दुसरा ४० किलोचीच देतो. दोघांच्या मानांतील अंतर १३५ सेंटिमीटर आहे. दोर जोखडाच्या बरोबर मध्यावर बांधला तर दोघांवर सारखाच भार पडतो, आणि दुबळा बैल मागे राहून जोखड तिरपे होते. दोर सबळ बैलाकडे सरकवून त्याच्यापासून ६० व दुबळ्या बैलापासून ७५ सेंटिमीटरवर बांधला, तर ५० × ६० आणि ४० × ७५ हे दोन्ही गुणाकार ३,००० येतात. जोखड सरळ राहते आणि दोन्ही जनावरे आपापल्या ताकदीप्रमाणे चालतात. मध्यापासून अवघे साडेसात सेंटिमीटर सरकविल्याने हा न्याय होतो. दुबळ्या बैलास चाबूक मारून तो होत नाही.

झडपेवर किती भार येतो?

आता उघाडीकडे वळू. हिशेब सोपा व्हावा म्हणून झडप एक मीटर रुंद व एक मीटर उंच धरू. बिजागरी वरच्या कडेला आहे. एक घनमीटर पाण्याचे वजन एक हजार किलो असते. खाऱ्या पाण्याचे थोडे अधिक भरते, पण तो फरक येथे सोडून देऊ.

भरतीचे पाणी बाहेरून झडपेच्या निम्म्या उंचीपर्यंत चढले आणि आत पाणी नसले, तर झडपेवर सुमारे १२५ किलोचा भार येतो. पाण्याचा दाब खोलीप्रमाणे वाढत असल्यामुळे हा भार मुख्यतः तळाशी पडतो आणि त्याचा मध्य बिजागरीपासून सुमारे ८३ सेंटिमीटरवर येतो. म्हणून मिटविणारे बळ १०४ किलो-मीटर होते. पाणी पूर्ण उंचीपर्यंत चढले की भार ५०० किलो होतो, त्याचा मध्य बिजागरीपासून ६७ सेंटिमीटरवर येतो आणि मिटविणारे बळ ३३३ किलो-मीटर होते. पाण्याची उंची दुप्पट झाली असता भार चौपट झाला, ही गोष्ट बांधाची व झडपेची डागडुजी करणाऱ्याने विसरू नये. एरवी जी झडप नीट टिकते ती उधाणाच्या दिवशी का फुटते, याचे उत्तर या चौपटीत आहे.

उघडण्याची गोष्ट याहून नाजूक आहे. ओहोटीच्या वेळी दोन्ही बाजूंस पाणी असून आतले पाणी बाहेरच्यापेक्षा १० सेंटिमीटर वर असेल, तर झडपेवर एकंदर १०० किलोचा भार बाहेरच्या दिशेने येतो. त्याचा हात अर्धा मीटर. म्हणजे उघडणारे बळ ५० किलो-मीटर झाले. हा फरक दोनच सेंटिमीटरचा असेल तर उघडणारे बळ अवघे १० किलो-मीटर राहते. मिटविण्यास समुद्र शेकडो किलो-मीटरचे बळ लावतो, परंतु उघडण्यास पावसाच्या पाण्याजवळ थोडेच बळ असते. गंज चढलेली बिजागरी घात करते ती येथेच.

गंजाचा हिशेब

गंज आणि चिखल यांमुळे बिजागरी फिरण्यास १५ किलो-मीटरचा विरोध करीत आहे असे समजा. आतले पाणी तीन सेंटिमीटर वर चढल्याखेरीज अशी झडप हलणारच नाही. तीन सेंटिमीटर ही गोष्ट क्षुल्लक वाटते. परंतु उघाडीमागे दहा हेक्टर खाचरे पाण्याखाली असतील तर तीन सेंटिमीटरच्या थरात तीन हजार घनमीटर, म्हणजे तीस लाख लिटर पाणी अडकून राहते. ओहोटीचा काळ मोजकाच असतो. त्यात हे पाणी गेले नाही तर पुढच्या भरतीपर्यंत कोवळी रोपे बुडून राहतात.

मिटण्याच्या वेळी गंज याहूनही अधिक हानि करतो. झडप लोखंडी असून तिचे वजन ८० किलो आहे असे धरू. ती उघडी असताना तिचे स्वतःचे वजन तिला खाली आणून मिटवू पाहते. या वजनाचा हात म्हणजे झडपेचा मध्य चौकटीपासून जितका दूर असेल तितके आडवे अंतर होय. झडप पुष्कळ उघडी असता हे अंतर मोठे असते. मिटत येता येता ते कमी होत जाते आणि पूर्ण मिटल्यावर शून्य होते. बिजागरीचा विरोध १५ किलो-मीटर असेल, तर मध्य चौकटीपासून सुमारे १९ सेंटिमीटरवर येताच वजनाचे बळ व गंजाचा विरोध सारखे होतात (८० × ०.१९ = सुमारे १५) आणि झडप तेथेच लटकून राहते. मध्य १९ सेंटिमीटर दूर म्हणजे खालची कड सुमारे ३८ सेंटिमीटर दूर. एवढ्या फटीतून खारे पाणी बराच वेळ आत येते. पुढे भरतीचा जोर वाढून तो झडप मिटवीलही, परंतु तोपर्यंत आलेले मीठ खाचरातच राहते.

यासाठीच झडपेची चौकट अगदी उभी न ठेवता तिची खालची बाजू किंचित बाहेर काढून उतरती बसविण्याची पद्धत आहे. अशाने झडप पूर्ण मिटलेली असतानाही वजनास थोडा हात मिळतो आणि ती आपल्याच भाराने चौकटीवर टेकून राहते. नवीन झडप बसविताना गवंड्याने हा उतार ‘वाकडा’ समजून सरळ करून टाकला नाही ना, हे कार्यकर्त्याने ओळंबा लावून पाहावे.

बिजागरीजवळचा दगड

झडपेत अडकणाऱ्या दगडा-लाकडाविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगावयाची आहे. उंबऱ्याजवळ, म्हणजे बिजागरीपासून एक मीटरवर, पाच सेंटिमीटर जाडीचा दगड अडकला तर खाली पाच सेंटिमीटरची फट राहते. तोच दगड बिजागरीपासून १० सेंटिमीटरवर अडकला तर खालच्या कडेला दहापट, म्हणजे सुमारे ५० सेंटिमीटरची फट पडते.

भाराचाही विचार करा. भरतीचे ३३३ किलो-मीटरचे बळ उंबऱ्याजवळच्या दगडावर पडले तर तो ३३३ किलोच्या भाराने दाबला जातो. बिजागरीजवळच्या दगडावर तेच बळ ३,३३० किलोचा भार आणते, कारण हात एक दशांश झाला आहे. अडकित्त्यात सुपारी बिजागरीजवळ धरली म्हणजे सहज फुटते, त्यातलाच हा प्रकार होय. फट राहिल्याने पाणी आत शिरते व प्रत्यक्ष भार काहीसा उतरतो हे खरे. तरी फळी तडकण्यास किंवा बिजागरीचे खिळे उपटण्यास उरलेला भार पुरेसा असतो. म्हणून झडप तपासताना केवळ खाली साचलेला गाळ काढून थांबू नये. वरच्या बिजागरीच्या खाचेत अडकलेल्या काटक्या, शिंपले व खडे प्रथम काढावेत.

आणखी एक सूचना. बाहेर पाणी चढलेले असताना झडप पहारीने किंवा दोराने उघडण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. खालच्या कडेला दोर बांधून ओढले तरी ३३३ किलोची ओढ लागेल. ती तीन-चार माणसांच्याही आवाक्याबाहेरची आहे आणि पहार निसटली तर ज्या वेगाने ती परत येईल त्याने हाड मोडेल. ओहोटीची वाट पाहावी. समुद्र स्वतःच तो भार काढून घेतो.

झडपेचीही मर्यादा आहे. बाहेरचे पाणी आतल्यापेक्षा वर असेतोवर ती उघडू शकत नाही. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली तर पाणी आतच तुंबते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रुझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यात भरतीची भर पडली, तेव्हा समुद्राकडे जाणाऱ्या नाल्यांची हीच अवस्था झाली. म्हणून पाणी काही काळ सामावून घेणारी सखल जागा उघाडीच्या मागे मोकळी ठेवणे अगत्याचे आहे. ती भरून टाकणे म्हणजे झडपेकडे अशक्य कामाची मागणी करणे होय.

बळ वाढते, काम वाढत नाही

लांब हात घेतला की थोड्या बळाने मोठा भार हलतो, हे पाहिले. मग दांडा वाटेल तितका लांब करून फुकटात काम का करून घेऊ नये? याचे उत्तर रहाटात मिळते. खाडीपलीकडे वसईच्या बागायतीत पूर्वी विहिरीवर रहाट चालत. जनावर लांब दांड्यास जुंपलेले असे व गोल फिरे. त्याच्या फिरण्याने चक्र फिरून मडक्यांची माळ पाणी वर आणी.

दांडा तीन मीटरचा आणि जनावराची ओढ ४० किलोची धरली तर फिरविणारे बळ १२० किलो-मीटर होते. माळेचे चक्र अर्धा मीटर त्रिज्येचे असून तेही जनावराच्या एका फेऱ्यात एकदाच फिरत असेल, तर घर्षण सोडून ते २४० किलोचा भार उचलू शकते. ४० किलोच्या ओढीने २४० किलो उचलले, हा मोठा लाभ दिसतो. परंतु जनावर एका फेऱ्यात १८.८४ मीटर चालते आणि माळ केवळ ३.१४ मीटर वर चढते. ४० × १८.८४ आणि २४० × ३.१४ हे दोन्ही गुणाकार सारखेच, सुमारे ७५४, येतात. भार सहापट उचलला, पण अंतर सहापट कमी मिळाले. ‘लांब दांडा लावा, दुप्पट पाणी निघेल’ असे सांगणाऱ्या विक्रेत्यास हा हिशेब करून दाखवावा. दांडा बळ वाढवितो, काम वाढवीत नाही.

एंजिनासही हाच कायदा लागू आहे. एक मेट्रिक अश्वशक्ति म्हणजे दर सेकंदास ७५ किलो-मीटर काम. पाच अश्वशक्तीचे एंजिन मिनिटास १,५०० फेरे, म्हणजे सेकंदास २५ फेरे करीत असेल, तर एका फेऱ्यास १५ किलो-मीटर काम होते. त्यास ६.२८ ने भागले की फिरविणारे बळ सुमारे २.४ किलो-मीटर येते. तिप्पट मोठ्या पुलीवर पट्टा चढविला तर फेरे ५०० होतात आणि फिरविणारे बळ ७.२ किलो-मीटर होते. ट्रॅक्टर चिखलात रुतला की चालक खालचा गिअर घालतो, तो याचसाठी. वेग देऊन तो बळ विकत घेतो.

चाकाचे जडत्व

आतापर्यंत वस्तू फिरविण्यास काय लागते ते पाहिले. फिरणारी वस्तू थांबविण्यास काय लागते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, कारण त्यात हातापायांचा संबंध येतो.

सरळ रेषेत चालणारी वस्तू जशी आपली चाल सोडीत नाही, तशी फिरणारी वस्तूही आपले फिरणे सहज सोडीत नाही. हा हट्ट किती, हे केवळ वजनावर ठरत नाही. वजन आसापासून किती दूर आहे यावरही ते ठरते. शास्त्रात यास निरूढी परिबल म्हणतात. प्रत्येक कणाचे वजन त्याच्या आसापासूनच्या अंतराच्या वर्गाने गुणावयाचे असते. अंतर दुप्पट केले की हट्ट चौपट होतो. म्हणूनच कडबाकुट्टीच्या जड चाकाचे बहुतेक लोखंड कडेच्या कड्यात ठेवलेले असते. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर तयार करण्यास आरंभ केला आणि १९१० साली किर्लोस्करवाडीची वसाहत वसविली. त्या काळापासून असे जड चाक महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या परिचयाचे आहे. हात वर येत असताना चाकात साठलेली शक्ती पाते कडब्यातून पार नेते.

हेच साठवण धोकादायकही आहे. २० किलोचे व अर्धा मीटर त्रिज्येचे कडे मिनिटास ६० फेरे करीत असेल तर त्यात सुमारे १० किलो-मीटर शक्ती साठते. म्हणजे दहा किलोचा दगड एक मीटर उंचीवरून पडावा तितकी. फेरे दुप्पट केले तर साठा चौपट, म्हणजे ४० किलो-मीटर होतो. एंजिन बंद केले म्हणजे चाक थांबले असे नव्हे. साठा संपेपर्यंत ते फिरतच राहते. मळणी यंत्राचा ढोल तर फार वेगाने फिरतो व त्यात याहून पुष्कळ अधिक साठा असतो. पट्टा उतरल्यावर ‘आता काय, बंदच आहे’ म्हणून अडकलेला पेंढा हाताने काढू जाणे हे हात गमावण्याचे कारण होते.

ट्रॅक्टरच्या मागील शाफ्ट सामान्यतः मिनिटास ५४० फेरे, म्हणजे सेकंदास ९ फेरे करतो. शाफ्टची जाडी ८ सेंटिमीटर असेल तर एका फेऱ्यात सुमारे २५ सेंटिमीटर कापड गुंडाळले जाते, म्हणजे सेकंदास सव्वादोन मीटर. उपरण्याचे टोक, धोतराचा सोगा किंवा साडीचा पदर त्यात सापडल्यास दोन मीटर कापड एका सेकंदाच्या आत ओढले जाते. माणसास ओरडण्यासही अवधि मिळत नाही, मग क्लच दाबणे तर दूरच. मळणी यंत्रांवर असे अपघात फार होऊ लागल्यामुळे १९८३ साली धोकादायक यंत्रे (विनियमन) अधिनियम करण्यात आला. परंतु कायदा पुस्तकात असतो आणि शाफ्ट खळ्यावर फिरत असतो. त्यावर पत्र्याचे किंवा प्लॅस्टिकचे आवरण बसविणे हे मालकाचे काम आहे आणि ते बसविल्याची खात्री करून घेणे हे कार्यकर्त्याचे.

गावात दाखविण्याजोगे दोन प्रयोग

व्याख्यानापेक्षा प्रत्यक्ष प्रयोग चांगला. पहिला प्रयोग दाराचा. स्प्रिंगचा काटा दाराच्या कडीस अडकवून ओढावा व आकडा लिहून घ्यावा. नंतर तोच काटा कडी व बिजागरी यांच्या बरोबर मध्यावर अडकवावा. आकडा सुमारे दुप्पट येतो. मुलांना तो स्वतः वाचू द्यावा.

दुसरा प्रयोग सायकलचा. सायकल उलटी ठेवून पुढील चाकाच्या आऱ्यांना सारख्या वजनाचे दोन दगड समोरासमोर, तुंब्याजवळ बांधावेत. चाकाच्या कडेवर दोन-तीन वेढे दोरी गुंडाळून तिच्या मोकळ्या टोकास एक किलोचे वजन टांगावे आणि ते सोडून द्यावे. वजन जमिनीवर येण्यास लागणारा वेळ मोजावा. मग तेच दगड कडेला बांधून पुन्हा मोजावा. वजन तेच, दगड तेच, तरी दुसऱ्या खेपेस वेळ अधिक लागतो. पुढे ते चाक थांबविण्यासही वेळ लागतो. मात्र फिरत्या आऱ्यांत बोट घालून चाक थांबवावयाचे नाही, ब्रेकनेच थांबवावयाचे, हा धडाही त्याच वेळी द्यावा.

पावसाळ्यापूर्वीची कामे

खारजमिनीच्या गावांतील कार्यकर्त्यांनी मृग लागण्यापूर्वी, ओहोटीच्या वेळी, पुढील कामे गावकऱ्यांकडून करून घ्यावीत.

१. प्रत्येक झडप हाताने हलवून पाहावी. उंच उचलून सोडली असता ती स्वतःच्या भाराने चौकटीपर्यंत येऊन टेकली पाहिजे. मध्येच लटकली तर बिजागरीचा गंज खरवडून वंगण द्यावे, पिन झिजली असल्यास बदलावी.

२. बिजागरीच्या खाचेतील काटक्या व शिंपले आधी काढावेत, नंतर उंबऱ्यावरील गाळ काढावा.

३. स्क्रूने वरखाली होणारे दार असेल तर स्क्रू स्वच्छ करून त्यास वंगण द्यावे. चाक अडले तर त्यात लांब नळी अडकवून जोर करू नये. लांब हाताने स्क्रू पिळून तुटतो आणि दार अर्धवटच राहते.

४. उघाडीमागील सखल जागा भरली गेली नाही, हे पाहावे.

५. मळणी यंत्र, कडबाकुट्टी व ट्रॅक्टर यांचे पट्टे, पुल्या व शाफ्ट आवरणाखाली आहेत याची नोंद करावी. यंत्र बंद केल्यावर चाक पूर्ण थांबेपर्यंत कोणी हात घालू नये, हा नियम खळ्यावर काम करणाऱ्या प्रत्येक स्त्री-पुरुषास सांगावा.

यांपैकी बहुतेक कामांस विशेष खर्च नाही. थोडे वंगण, एक पहार, एक ओळंबा आणि दोन माणसांचा अर्धा दिवस एवढ्यात एका उघाडीचे काम पुरे होते. त्याच्या मोबदल्यात झडप पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोनशेहून अधिक वेळा उघडते व मिटते, आणि त्यातील प्रत्येक वेळ बांधाआडच्या भाताच्या जीवाची असते. तेवढी तिची तयारी करून देणे हे शेतकऱ्याचे व कार्यकर्त्याचे कर्तव्य आहे.